बाळ दहा महिन्यांचं झालं, आता कामावर परत जाऊ का?

या वेळचं पत्र नाशिकच्या इंदिरानगरहून आलंय, थोडं लहान करून देतेय.

"ताई, मी ३१ वर्षांची आहे. अंबडला एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आठ वर्षं झाली. मुलगी दहा महिन्यांची आहे. सहा महिन्यांची रजा संपल्यावर कंपनीने बिनपगारी वाढवून दिली, आता एचआर म्हणतंय की महिनाअखेरपर्यंत काय ते नक्की सांगा. सासूबाई दिंडोरीकडच्या, आमच्याजवळच असतात. त्या म्हणतात, आम्ही जन्मभर बागेत राबलो ते तुम्हाला राबायला लागू नये म्हणूनच ना, नवरा कमावतोय, लेकराला आई पाहिजे. त्यांचे गुडघे दुखतात, दिवसभर बाळ सांभाळणं त्यांना झेपणार नाही. नवरा एकट्यात म्हणतो जा बिनधास्त, पण आईसमोर आणि मित्रांसमोर गप्प बसतो. पगार ३४ हजार आहे, पाळणाघर आणि जाणं-येणं धरलं तर वीसच्या आसपास उरतात, नवरा म्हणतो तूच बघ तुला परवडतं का. एटीएम कार्ड त्याच्याकडेच असतं, त्याचा काही त्रास नाही, हिशोब तोच बघतो. आणि खरं सांगू का, कॉलेजात असताना मी स्त्री-पुरुष समानतेवर बोलून वक्तृत्वात बक्षीस घेतलेलं, आणि आता मलाच वाटायला लागलंय की सासूबाई बरोबर आहेत. मी बदलले का? का तेव्हा खोटं बोलत होते?"

अगं, तुझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी आहे म्हणून अगं-तुगं करतेय, चालेल ना. पत्र दोनदा वाचलं. कामावर जाऊ की नको हे तू पहिल्यांदा विचारलंयस, पण तुला टोचतंय ते शेवटचं वाक्य, म्हणून तिथूनच सुरू करते.

तू तेव्हाही खोटं बोलत नव्हतीस आणि आत्ताही बोलत नाहीयेस. आपल्याला वाटतं की आधी माणसाचे विचार ठरतात आणि मग त्याप्रमाणे तो वागतो, म्हणजे जिला आईने घरीच असावं असं वाटतं ती घरी राहते आणि जिला तसं वाटत नाही ती नोकरी करते. पण ब्रिटनमध्ये त्याच त्या बायकांना वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारून अभ्यास झालाय आणि त्यात दिसलं की गाडी दोन्ही बाजूंनी चालते. विचारांमुळे काम सुटतं हे खरं, पण बाळ झाल्यावर काम सुटलं की त्यानंतर विचारही हळूहळू "आईने घरीच असावं" इकडे सरकतात. आणि सरकणारच ना, दहा महिने तू चोवीस तास त्या जिवाबरोबर आहेस, तिची भूक तुला तिच्या रडण्याच्या आवाजावरून कळते, बाहेरच्या जगाशी संबंध म्हणजे सोसायटीच्या गेटवर भाजी घेताना होतो तेवढा, अशात मन रोजच्या दिवसाशी जुळवून घेतं. त्यात कमीपणा काही नाही. फक्त दहा महिन्यांत घरी बसून तयार झालेल्या भावनेवर पुढच्या पंचवीस वर्षांचा निर्णय घेऊ नकोस एवढंच माझं म्हणणं आहे. कामावर जाऊन सहा महिने झाल्यावर तुझं मत काय असेल ते तुला आत्ता माहीतच नाहीये, मलाही नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. १९९८ साली माझा मुलगा दोन वर्षांचा होता आणि मी नाशिकरोडला एका शाळेत होते. घरी विषय निघाला, सगळ्यांनी एकदाच विचारलं, मी एकदाच हो म्हणाले आणि राजीनामा दिला. कोणी जबरदस्ती केली नाही. मला स्वतःलाच ते बरोबर वाटत होतं आणि पुढची कित्येक वर्षं बरोबरच वाटत राहिलं, इतकं की शेजारची एक जण बाळाला ठेवून बँकेत जायची तर मी तिच्याबद्दल चार बायकांत वाईट बोललेय. आज त्याची लाज वाटते. अकरा वर्षांनी परत काम शोधायला निघाले तेव्हा मुक्त विद्यापीठातून लायब्ररीचा कोर्स केला, रविवारी संपर्क वर्ग असायचे. माझ्यासारख्या पस्तिशी-चाळिशीतल्या बायका डबे घेऊन यायच्या, एकीचं बाळ लहान होतं, तिचा नवरा त्याला खांद्यावर टाकून बाहेर व्हरांड्यात फेऱ्या मारत बसायचा, आणि आम्ही सगळ्याजणी शिकवणं सोडून त्याच्याकडे बघायचो. एक बाप स्वतःच्या पोराला तासभर सांभाळतोय आणि वीस बायका टक लावून बघतायत. घरी येताना बसमध्ये मला एकदम रडू आलं. मुलाबरोबरच्या त्या वर्षांचं मला वाईट वाटत नाही, ती गोड होती. वाईट याचं वाटतं की त्या निर्णयाची किंमत काय होती ते कोणीच मोजलं नाही, मीसुद्धा नाही. परत मिळालेला पगार सोडतानाच्या पगारापेक्षा कमी होता.

आता सासूबाई. त्यांच्यावर रागवू नकोस, त्यांच्या बोलण्यात फार मोठी गोष्ट आहे. दिंडोरीकडच्या म्हणतेस म्हणजे द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की त्यांचं काय चालायचं ते मला न सांगता कळतं, थिनिंग म्हणजे घड विरळ करणं, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, हात वर करून करून मान आखडलेली, मग जानेवारीपासून माल काढायची घाई, आणि लेकरू कुठे तर बागेच्या कडेला साडीच्या झोळीत, मोठी पोर झोका देत बसलेली. म्हणजे त्या स्वतः कामावर जाणाऱ्या आईच होत्या! फक्त त्याला कोणी नोकरी म्हटलं नाही, आणि घरच्या बागेत असेल तर पगारही नाही. आपल्याकडे गावातल्या बायका जास्त काम करतात आणि शहरातल्या कमी, सरकारी पाहणीचे २०२३-२४ चे आकडे बघ, १५ वर्षांवरच्या बायकांमध्ये गावात शंभरातल्या ४८च्या आसपास कामाला आहेत किंवा काम शोधतायत आणि शहरात फक्त २८. क्लॉडिया गोल्डिन म्हणून अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञ आहेत, २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं, त्यांनी अमेरिकेची दोनशे वर्षांची माहिती काढून दाखवलं की शेतीच्या काळात लग्न झालेल्या बायका भरपूर काम करायच्या, कारखाने आले तशा घरी बसल्या आणि मग शिक्षण वाढलं, ऑफिसातली कामं आली तशा परत बाहेर पडल्या. मधल्या काळात बाईने घरी असणं हेच चांगल्या घराचं लक्षण होऊन बसतं. सासूबाई बरोबर त्या मधल्या पायरीवर उभ्या आहेत. सुनेला उन्हात जावं लागत नाही हे त्यांनी आयुष्यभर राबून मिळवलेलं आहे, आणि तू म्हणतेस मला जायचंय, तर त्यांना ते मिळवलेलं कोणी परत मागतंय असं वाटत असणार.

म्हणून त्यांच्याशी समानता वगैरे बोलू नकोस, उपयोग नाही. त्यांना तुझं काम दाखव. तू व्हर्नियर घेऊन पार्ट मोजतेस, तुझ्या सहीशिवाय माल गेटबाहेर जात नाही, हे त्यांनी कधी ऐकलंय का? बहुतेक त्यांच्या डोळ्यासमोर कंपनी म्हणजे मजुरीच असेल. आणि एखाद्या दुपारी बाळ झोपलं असताना त्यांना विचार, आई, तुम्ही ह्यांना बागेत नेत होता तेव्हा झोळी कुठे बांधायच्या, दूध कधी पाजायच्या, मुकादम ओरडायचा का. नुसतं ऐक. त्या सांगतील.

नवऱ्याचं मात्र मला जास्त महत्त्वाचं वाटतं आणि तुझ्या पत्रात तो फार अलगद सुटलाय. एकट्यात हो आणि चारचौघांत गप्प. मला तो वाईट माणूस वाटत नाही, पण ते गप्प बसणं हा तुझ्या घरातला सगळ्यात मोठा अडथळा आहे, सासूबाईंच्या बोलण्यापेक्षा मोठा. सौदी अरेबियात रियाधला एक अभ्यास झाला, आपल्याला वाटेल तिथलं आपल्याशी काय घेणंदेणं, पण ऐक. तरुण लग्न झालेल्या पुरुषांना गुपचूप विचारलं की बायकांनी बाहेर काम करावं का, तर बहुतेक जण हो म्हणाले. मग विचारलं, तुमच्या आसपासचे बाकीचे किती जण हो म्हणतील, तर बहुतेकांनी कमी अंदाज केला, त्यांना वाटत होतं आपल्यासारखा विचार करणारे थोडेच आहेत. मग काही जणांना खरा आकडा सांगितला आणि लगेच त्यांच्यातले जास्त जण बायकोचं नाव नोकरी शोधून देणाऱ्या सेवेत नोंदवायला तयार झाले, काही महिन्यांनी बघितलं तर त्यांच्या बायकांनी अर्ज जास्त केलेले, मुलाखतीही जास्त दिलेल्या. लोक काय म्हणतील याला घाबरतो आणि लोक आपल्याला घाबरून गप्प असतात. तुझ्या नवऱ्याला म्हण, रविवारी मिसळ खायला जाता ना मित्रांबरोबर, तिथे एकदा सहज सांग की बायको पुढच्या महिन्यात जॉइन होतेय. बघ तरी कोण काय बोलतं. आणि आईसमोर "हिने जावं असं मला वाटतं" हे वाक्य त्याने स्वतःच्या तोंडाने म्हणायला पाहिजे, तू त्याच्या वतीने नाही.

बोलणं आणि करणं यात आपल्याकडे अंतर किती आहे तेही त्याला दाखव. २०१९-२० मध्ये प्यू नावाच्या अमेरिकन संस्थेने भारतात जवळजवळ ३० हजार लोकांना विचारलं, तर ६२ टक्के म्हणाले मुलांचं आई-बाप दोघांनी मिळून बघावं. ऐकायला छान वाटतं. त्याच लोकांत ८० टक्के असंही म्हणाले की नोकऱ्या कमी असतील तर पुरुषाचा हक्क जास्त. आणि २०२४ ची सरकारची वेळेची पाहणी आहे, त्यात घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घरकामात घालवते आणि घरकाम करणारा पुरुष ८८, आणि हा जो पुरुष मोजलाय तो मुळात घरकाम करणारा आहे, न करणारे यात धरलेच नाहीत. माणसांच्या सांभाळात बाई १३७ मिनिटं, पुरुष ७५. तू कामावर गेलीस आणि हे तसंच राहिलं तर सहा महिन्यांत थकून तू स्वतःच सोडशील आणि सगळे म्हणतील बघा, आम्ही सांगतच होतो. म्हणून आत्ताच ठरवा, सकाळी बाळाची आंघोळ आणि पाळणाघरात सोडणं कोणाचं, संध्याकाळी आणणं कोणाचं, बाळ तापाने फणफणलं तर पहिली सुट्टी कोणाची आणि दुसरी कोणाची. "मी मदत करीन" हे उत्तर चालवून घेऊ नकोस. मदत शेजारी करतात, तो बाप आहे.

पैशाचं. ३४ हजारांतून पाळणाघर आणि जाणं-येणं वजा केलं आणि वीस उरले असा हिशोब तुझा नवरा करतोय, पण पाळणाघर तुझ्याच पगारातून का वजा होतंय ते मला कळलं नाही, पोरगी दोघांची आहे ना. अर्धं त्याच्या पगारातून कापलं की लगेच परवडायला लागतं. शिवाय पीएफ आहे, ग्रॅच्युइटी दर वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराने वाढत असते, आणि सगळ्यात मोठं म्हणजे तू आठ वर्षांची सीनियर आहेस, हे पाळणाघराचं लचांड तीन-चार वर्षांचं आहे, त्यानंतर पोरगी शाळेत जाईल आणि तुझा पगार तेव्हा ३४ नसेल. माझ्यासारखी अकरा वर्षांनी आलीस तर पहिल्या पायरीवरून सुरू करावं लागेल.

आणि ते एटीएम कार्ड. त्रास नाही म्हणतेस, मान्य, पण कार्ड परत घे. भांडून नाही, सरळ माग. मध्य प्रदेशात रोजगार हमीवरच्या बायकांची मजुरी घरच्या पुरुषाच्या खात्यात जायची, तिथे संशोधकांनी काही बायकांना स्वतःचं खातं उघडून दिलं, मजुरी थेट त्यात जमा केली आणि खातं कसं वापरायचं ते शिकवलं. त्या बायका पुढे जास्त काम करायला लागल्या, नुसतं रोजगार हमीवर नाही तर बाहेरही, आणि बाईने काम करावं का याबद्दलचं त्यांचं मतही मोकळं झालं. विचार बदलायला भाषण लागलं नाही, स्वतःच्या नावाचा पैसा स्वतःच्या हातात आला आणि तो वापरता आला तेवढं पुरलं. तू वक्तृत्वाचं बक्षीस घेतलेली मुलगी आहेस, तुला हे लगेच कळेल.

आता पोरीचं, कारण रात्री झोप उडते ती तिच्यामुळेच. अमेरिकेत १९९१ पासून हजारावर बाळांना जन्मापासून मोठं होईपर्यंत बघत एक मोठा अभ्यास झाला, त्यात निघालं की बाळ नुसतं पाळणाघरात गेलं की नाही यापेक्षा घरचं वातावरण आणि आई-बापांचं बाळाशी वागणं याचा परिणाम जास्त असतो. खोटं सांगत नाही, फार जास्त तास पाळणाघरात घालवलेल्या मुलांत थोडा हट्टीपणा, त्रास देणं जास्त दिसलं, आणि पाळणाघर चांगलं असेल तर भाषा वगैरे चांगली येते असंही दिसलं. म्हणजे पाळणाघर निवडण्यात कष्ट घे. आणि हार्वर्डच्या संशोधकांनी २९ देशांची माहिती बघितली, नोकरी करणाऱ्या आयांच्या मुली मोठेपणी स्वतः नोकरीत असण्याचं प्रमाण जास्त, मुलगे घरच्यांच्या सांभाळाला जास्त वेळ देतात, आणि मोठेपणी सुखी किती आहात विचारलं तर घरी असलेल्या आयांच्या मुलांइतकेच सुखी.

पाळणाघर बघायला सकाळी अपॉइंटमेंट घेऊन जाऊ नकोस, दुपारी साडेतीन-चारला न सांगता जा. त्या वेळी मुलं झोपेतून उठतात, किरकिर करतात, सांभाळणाऱ्या बायका दमलेल्या असतात, खरं काय ते तेव्हा दिसतं. टीव्ही चालू आहे का बघ. एका बाईकडे किती बाळं आहेत मोज. शी-शूचा वास दारातच येतोय का, झोपायच्या चादरी कोणाच्या, दूध गरम कशात करतात, आणि तू उभी असताना एखादं बाळ रडलं तर किती वेळाने कोणी उचलतं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. दोन-तीन ठिकाणं बघ, पाथर्डी फाट्याकडची बघ म्हणजे कंपनीच्या वाटेवर पडेल आणि सासूबाईंनाही एकदा घेऊन जा, त्यांची नजर तुझ्यापेक्षा तयार आहे. पहिल्या आठवड्यात तासभर ठेव, मग दोन तास, मग दुपारचा वरणभात तिथे. पोरगी रडेल. तूही गेटबाहेर रडशील. आठ-दहा दिवस अवघड जातात, आणि माझ्या ओळखीतल्या बहुतेक घरांत त्यानंतर बाळ त्या ताईंकडे झेप घ्यायला लागलं, तेव्हा आईला परत वेगळंच वाईट वाटलं.

कंपनीतही विचारण्यासारखं बरंच आहे. ५० किंवा त्याहून जास्त लोक कामाला असतील तर पाळणाघराची सोय करणं कायद्याने बंधनकारक आहे, २०१७ च्या दुरुस्तीपासून, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यायचं असतं. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दोन ब्रेकही मिळतात, तुझी मुलगी दहाचीच आहे. अंबडला अशा किती कंपन्यांत खरोखर पाळणाघर दिसतं ते तू माझ्यापेक्षा जास्त जाणतेस, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. तुझ्यासारख्या अजून दोघी-तिघी असतील तर एकत्र मागा.

आणि समज, हे सगळं करून, सगळं बोलून झाल्यावर तुला मनापासून वाटलं की वर्षभर घरीच राहायचं, तर राहा. पण मग तेही दोघांनी मिळून ठरवलेलं असू दे, तुझ्या नावाने दर महिन्याला त्याच्या पगारातून काही रक्कम वेगळी पडू दे आणि परत जायची तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिही. "बघू पुढे" म्हणून सोडू नकोस, माझी अकरा वर्षं त्या "बघू"मध्येच गेली.

एचआरला फोन करू नकोस, मेल कर. जॉइन व्हायची तारीख, पहिले दोन महिने जनरल शिफ्टच हवी हे, पाळणाघराची सोय काय आहे हा प्रश्न आणि पाजण्याच्या ब्रेकचं, चारही गोष्टी लेखी. रात्री पोरगी झोपली की जेवणाच्या टेबलावर नवऱ्याला शेजारी बसवून लिही, आणि सासूबाई टीव्ही बंद करून काय चाललंय विचारायला आल्या तर त्यांना काय ते त्याला सांगू दे.